ग्रीसमधल्या दोन पिनिओस नद्या: ऑलिंपसजवळची कोणती आणि ऑलिंपियाजवळची कोणती?

ऑजियस राजाच्या गोठ्याची गोष्ट बहुतेकांनी शाळेत असतानाच ऐकलेली असते. वर्षानुवर्षं न झाडलेला तो गोठा हर्क्युलिसने एका दिवसात साफ केला, तोही हातात झाडू न घेता. त्याने दोन नद्यांचे प्रवाह वळवून गोठ्यात सोडले. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या मिथकसंग्रहात त्या नद्यांची नावं दिली आहेत: अल्फिओस आणि पिनिओस. आता नकाशावर पिनिओस शोधली, की समोर येते ती उत्तरेकडच्या थेसली प्रांतातली मोठी नदी. ती पिंडस पर्वतात उगम पावते, लारिसा शहरातून जाते, ऑलिंपस आणि ओसा या डोंगरांमधल्या टेंपीच्या घळीतून बाहेर पडते आणि एजियन समुद्राला मिळते. अल्फिओस मात्र तिथून दोनशे किलोमीटरहून दूर, दक्षिणेत पेलोपोनीझमध्ये वाहते. मधे डोंगररांगा आहेत, कोरिंथचं आखात आहे. गोठ्याची गोष्ट या भूगोलात कुठेच बसत नाही.

कारण गोष्टीतली पिनिओस ही नव्हेच. त्याच नावाची दुसरी नदी पेलोपोनीझच्या वायव्य कोपऱ्यात, एलिस प्रांतात आहे. अल्फिओसपासून ती फार लांब नाही आणि तिचं पाणी पश्चिमेला आयोनियन समुद्रात जातं. ऑजियस हा या एलिसचा राजा. तापीला मिळणारी पूर्णा वेगळी आणि अजिंठ्याच्या डोंगरातून निघून गोदावरीला मिळणारी पूर्णा वेगळी, हे आपल्याला ठाऊक असतं; ‘पूर्णेला पूर आला’ हे वाक्य अकोल्यात आणि परभणीत वेगळ्या नदीबद्दल असतं. ग्रीसच्या बाबतीत मात्र आपण नकाशाने दाखवलेली पहिली नदी खरी मानून पुढे जातो. या दोन पिनिओसबाबत तसं केलं, तर प्राचीन ग्रीसच्या निम्म्या गोष्टी चुकीच्या डोंगराखाली जाऊन बसतात.

आणि डोंगराचा घोळ तर आधीपासूनच आहे. ऑलिंपस हा देवांचा पर्वत उत्तरेला, थेसली आणि मॅसिडोनियाच्या सीमेवर. ऑलिंपिया, म्हणजे जिथे ऑलिंपिक खेळ होत ते झ्यूसचं तीर्थस्थान, दक्षिणेला एलिसमध्ये. दोघांत सरळ रेषेत मोजलं तरी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी खेळ होत असत, असं समजणारे पुष्कळ जण भेटतात. ऑलिंपसजवळ एक पिनिओस आहे आणि ऑलिंपियाच्या उत्तरेलाही एक पिनिओस आहे, त्यामुळे हा गैरसमज आणखी पक्का होतो.

थेसलीची पिनिओस

ही थोरली. लांबी सुमारे २०० किलोमीटर. पूर्णपणे ग्रीसच्या हद्दीत वाहणाऱ्या नद्यांमध्ये अलियाकमोन आणि अखेलूस यांच्यानंतर हिचाच क्रम लागतो. मेत्सोवोच्या बाजूच्या डोंगरांतून उतरली की ती कालांबाकाजवळ मेतेओराच्या दगडी सुळक्यांपाशी येते. ज्यांच्या माथ्यावर मध्ययुगातले मठ आहेत तेच हे सुळके. तिथून पुढे त्रिकाला, लारिसा आणि थेसलीचं अफाट सपाट मैदान.

हे मैदान समजलं की नदी समजते. पश्चिमेला पिंडस, उत्तरेला ऑलिंपस, पूर्वेला ओसा आणि पेलिओन, दक्षिणेला ओथ्रिस: चहूबाजूंनी डोंगर. एनिपेअस, तितारिसिओस आणि इतर कितीतरी नद्या या मैदानात उतरतात, पण समुद्राकडे जायला वाट एकच, टेंपीची घळ. सुमारे १० किलोमीटर लांबीची, काही ठिकाणी जेमतेम २५ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच कडे. अख्ख्या प्रांताचं पाणी या एका फटीतून बाहेर पडतं.

इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसवर चालून आलेल्या इराणच्या झर्क्सिसच्या हे लगेच लक्षात आलं, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. उत्तरेकडच्या थेर्मा शहराहून त्याला ऑलिंपस आणि ओसा दिसले, त्यांच्या मधून नदी बाहेर येते हे कळलं, म्हणून तो मुद्दाम जहाजातून तिचं मुख पाहायला गेला. नदीला दुसरीकडे वळवता येईल का, असं त्याने वाटाड्यांना विचारलं. दुसरी वाटच नाही, सगळी थेसली डोंगरांनी वेढलेली आहे, असं उत्तर आलं. त्यावर झर्क्सिस म्हणाला, की थेसलीचे लोक शहाणे, म्हणूनच ते वेळेत शरण आले; घळीत बांध घालून नदी मागे रेटली असती तर डोंगर सोडून सगळी थेसली पाण्याखाली गेली असती. त्याच वर्षी त्याआधी ग्रीकांनीही ही घळ अडवून पाहिली होती. स्पार्टाचा युएनेटस आणि अथेन्सचा थेमिस्टोक्लीस यांच्या नेतृत्वाखाली दहा हजार सैनिक टेंपीत येऊन थांबले. पण गोनोस गावावरून आत शिरायची आणखी एक डोंगरवाट शत्रूला मोकळी आहे हे समजताच काही दिवसांत ते माघारी गेले. थर्मोपिलीची लढाई त्यानंतरची.

याच ठिकाणी हिरोडोटसने लिहिलेला एक परिच्छेद मला फार मोलाचा वाटतो. थेसली पूर्वी सरोवर होती आणि पोसायडनने डोंगर फोडून पाण्याला वाट करून दिली, अशी तिथल्या लोकांची समजूत तो नोंदवतो. मग म्हणतो, की भूकंप हे पोसायडनचं काम आहे असं जो मानतो त्याला हे पटेल. त्याला स्वतःला तर पाहताक्षणी डोंगरांतली ही फट भूकंपाने पडलेली वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस भूरूप पाहून त्याचं कारण शोधतो आहे आणि ते करताना लोकांच्या श्रद्धेलाही धक्का लावत नाही.

झर्क्सिसचा हिशेब किती नेमका होता ते सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. डॅनियल वादळात पेलिओनवरच्या झागोरा गावी एका दिवसात सातशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. सगळं पाणी मैदानात उतरलं आणि बाहेर पडायला पुन्हा तीच एक वाट. गावंच्या गावं बुडाली, पिनिओसचं पाणी लारिसाच्या वस्त्यांत शिरलं, १७ जणांचा जीव गेला. मैदानाच्या पूर्वेला पूर्वी कार्ला नावाचा मोठा तलाव होता. पिनिओसचं पुराचं पाणी त्यात साठत असे. १९६२ मध्ये बोगदा खणून तो कोरडा केला गेला आणि तिथे शेती आली. पुढे काही भागात तलाव पुन्हा भरण्यात आला होताच. २०२३ च्या पुराने त्याची जुनी जागाही परत व्यापली. थेसली एके काळी सरोवर होती, ही गोष्ट मग नुसती दंतकथा राहत नाही. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीच्या रात्री घळीच्या अलीकडेच दोन रेल्वेगाड्यांची टक्कर होऊन ५७ जण मृत्युमुखी पडले. आजच्या ग्रीसमध्ये टेंपी म्हटलं की लोकांना आधी तेच आठवतं.

प्राचीन काळी मात्र टेंपी म्हणजे अपोलोची जागा. डेल्फीत पायथन सर्पाला मारल्यावर अपोलो शुद्ध होण्यासाठी इथे आला, पिनिओसमध्ये न्हाला आणि इथली लॉरेलची फांदी घेऊन परतला, अशी कथा. तिचा विधीही होता. दर आठ वर्षांनी डेल्फीहून एक मिरवणूक निघून टेंपीपर्यंत येई. आईवडील दोघंही हयात असलेला एक मुलगा तिच्या अग्रभागी असे आणि इथलं लॉरेल डेल्फीला नेलं जाई. डेल्फीतल्या पिथियन खेळांतल्या विजेत्यांचे मुकुट त्याच लॉरेलचे. पिनिओसची मुलगी डाफ्नी अपोलोपासून पळताना लॉरेलचं झाड झाली, ही रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली कथाही याच नदीकाठची. ग्रीकांच्या नद्या म्हणजे पुरुष देव. पिनिओस हा ओकेआनोस आणि टेथिस यांचा मुलगा, आणि पाठलागाच्या शेवटी डाफ्नी मदत मागते ती आपल्या या बापाकडे.

होमरने या नदीबद्दल केलेलं निरीक्षण तर मी पुन्हा पुन्हा वाचतो. इलियडमधल्या जहाजांच्या यादीत तो सांगतो, की तितारेसिओस (आजची तितारिसिओस) पिनिओसला मिळते पण तिच्यात मिसळत नाही. तेलासारखी वरून वाहत जाते. त्याने दिलेलं कारण असं, की ते पाताळातल्या स्टिक्सचं पाणी आहे, ज्याची देव शपथ घेतात. भूगोलकार स्ट्रेबोने पुढे साधा खुलासा केला: पिनिओसचं पाणी स्वच्छ, तितारेसिओसचं तेलकट. दोन नद्यांच्या संगमावर दोन रंगांचे पट्टे काही अंतर शेजारी शेजारी वाहताना ज्याने पाहिले आहेत, त्याला होमरची ओळ लगेच ओळखू येईल.

रोमन काळात टेंपीचं नाव इतकं झालं, की हेड्रियन सम्राटाने तिवोलीतल्या आपल्या वाड्याच्या परिसरातल्या एका भागाला तेच नाव दिलं.

एलिसची पिनिओस

ही धाकटी. सुमारे ७० किलोमीटर लांबीची. एरिमांथोस डोंगराच्या बाजूने आणि फोलोईच्या ओकवनाच्या पठारावरून तिला पाणी येतं. कडे नाहीत, घळ नाही. मऊ टेकड्या आणि मग समुद्रापर्यंत सपाट सुपीक जमीन. प्राचीन प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो, की बारीक सुताचं उत्तम जवसाचं रोप ग्रीसमध्ये फक्त एलिसच्या जमिनीत येतं. १९६० च्या दशकात नदीवर मातीचं धरण झालं आणि वरच्या खोऱ्यात मोठा जलाशय तयार झाला. पाणी चढण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी घाईघाईने खोऱ्यातल्या जागा खणून काढल्या.

निसर्गाच्या बाबतीत ती थोरलीपुढे साधी आहे. पण तिच्या काठी एलिस शहर होतं, आणि ऑलिंपिक खेळ भरवण्याचा मान एलिसकडे होता. ऑलिंपिया हे तीर्थस्थान. कारभार चाले तो इथून. स्ट्रेबो लिहितो, की नदी शहरातून, व्यायामशाळेला लागून वाहते. खेळाडूंना ऑलिंपियाला जाण्याआधी महिनाभर एलिसमध्ये सराव करावा लागे. पंचांना तर त्याच्याही आधी, दहा महिने, नेमून दिलेल्या वास्तूत राहून नियमांचा अभ्यास करावा लागे. ज्यांच्या निकालावर सगळ्या ग्रीसची नजर असे, त्या पंचांची तयारी खेळाडूंपेक्षा कितीतरी जास्त काळ चाले, हे आजच्या कुठल्याही क्रीडा संघटनेने वाचावं असं आहे. सराव संपला की सगळे मिळून ऑलिंपियाकडे निघत, दोन दिवसांची चाल. इ.स.पू. ७७६ हे पहिल्या ऑलिंपिकचं साल आपण सहज सांगतो. त्यामागची विजेत्यांची यादी ज्याने प्रथम जुळवली तो हिप्पियसही एलिसचाच.

गोठ्याच्या गोष्टीचा शेवट सहसा सांगितला जात नाही, आणि खरं महत्त्व त्याचंच आहे. काम झाल्यावर ऑजियसने ठरलेला मोबदला, म्हणजे गुरांचा दहावा हिस्सा, द्यायला नकार दिला. त्याचाच मुलगा फिलेअस याने बापाविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा राजाने दोघांनाही हाकलून दिलं. पुढे हर्क्युलिस सैन्य घेऊन परत आला, त्याने एलिस जिंकलं आणि त्या लुटीतून ऑलिंपियात झ्यूससाठी खेळ सुरू केले, असं ग्रीक कवी पिंडार सांगतो. म्हणजे या छोट्या पिनिओसच्या पाण्याचा धागा थेट ऑलिंपिकच्या जन्मकथेला जाऊन मिळतो. ऑलिंपियातल्या झ्यूसच्या देवळावर हर्क्युलिसच्या बारा पराक्रमांचे शिल्पपट होते. त्यांतल्या एकावर तो लांब दांड्याचं अवजार घेऊन अंग पिळवटून जोर लावतो आहे आणि शेजारी अथेना कुठे खणायचं ते दाखवते आहे. तो आज ऑलिंपियाच्या संग्रहालयात आहे. परक्या प्रांतातला पराक्रम म्हणून एलिसच्या लोकांनी तो कोरलेला नाही. तो त्यांच्या गावातला प्रसंग होता.

घोळ नेमका कुठे होतो

सगळ्यात फसवी जागा हर्क्युलिसच आहे, कारण तो दोन्ही नद्यांवर आहे. डायोडोरस या प्राचीन इतिहासकाराच्या ग्रंथात थेसलीचं मैदान साचलेल्या पाण्याने भरलेलं असताना हर्क्युलिसने टेंपीत जमीन कापून पाण्याला वाट दिली आणि पिनिओसकाठची शेती उभी राहिली. तिथे पोसायडन नाही, भूकंप नाही, श्रेय हर्क्युलिसचं. त्याच डायोडोरसच्या पुस्तकात गोठा धुतला जातो तो एकट्या अल्फिओसने. अपोलोडोरसकडे अल्फिओस आणि पिनिओस दोघी. पॉसेनियसकडे तिसरीच, मेनिओस नावाची छोटी नदी. त्यामुळे ‘हर्क्युलिस आणि पिनिओस’ एवढंच वाचून नदी ठरवता येत नाही. त्याने पाण्याला डोंगरातून बाहेर काढलं असेल तर थेसली. पाणी वळवून आत आणलं असेल तर एलिस.

दुसरी जागा उपनद्यांची. थेसलीत पिनिओसला मिळणारी एनिपेअस आहे. तिच्याच खोऱ्यात फार्सालसला इ.स.पू. ४८ मध्ये सीझरने पाँपीचा पराभव केला. एलिसमध्येही एनिपेअस आहे, ती अल्फिओसला मिळते. ओडिसीत टायरो नावाची राजकन्या एनिपेअस नदीच्या प्रेमात पडते आणि पोसायडन त्या नदीचं रूप घेऊन तिच्याकडे येतो. ही एनिपेअस कुठली, यावर प्राचीनांमध्येच मतभेद होते. स्ट्रेबो एलिसच्या बाजूने बोलतो आणि काही जण थेसलीची मानतात हेही सांगतो. टायरोच्या दोन मुलांपैकी पेलिअस थेसलीत इओल्कोसचा राजा झाला आणि नेलेअस दक्षिणेत पायलोसचा. गोष्टीचे पाय दोन्हीकडे आहेत.

पायलोसही एक नाही. एलिसच्या पिनिओसला जिथे लाडोन नदी मिळते तिथे एक पायलोस होतं, आणि पेलोपोनीझच्या पश्चिम भागात आणखी दोन. ‘पायलोसच्या अलीकडे पायलोस आहे आणि पलीकडेही एक पायलोस आहे’ अशा अर्थाची म्हण ग्रीकांतच रूढ होती. ही लाडोनही जोडीतली. दुसरी आणि जास्त प्रसिद्ध लाडोन आर्केडियात, अल्फिओसला मिळणारी. आणि पॉसेनियसने ऐकलेल्या कथेत डाफ्नी ही पिनिओसची नव्हे, या आर्केडियातल्या लाडोनची मुलगी आहे. तिच्यामागे लागलेला राजपुत्र ऑलिंपियाशेजारच्या पिसाचा.

इतकी नावं दोन्हीकडे यावीत, हा मला योगायोग वाटत नाही. ग्रीकांची स्वतःची परंपरा सांगते, की एंडिमिओनने थेसलीहून लोक आणून एलिस वसवलं. टायरोचा बाप साल्मोनेअस आधी थेसलीत होता आणि मग एलिसला आला. या राजांना इतिहासाचा पुरावा नाही. पण माणसं स्थलांतर करतात तेव्हा देव, नद्या, डोंगर यांची नावं बरोबर नेतात, हे जगभर दिसतं, आणि एलिसच्या लोकांना आपलं उत्तरेशी नातं आहे असं वाटत होतं, एवढं या कथांवरून नक्की कळतं. ऑलिंपियाच्या त्याच देवळाच्या पश्चिमेकडच्या त्रिकोणी दर्शनी भागावर कुठलं दृश्य आहे? लॅपिथ नावाचे लोक आणि अर्धे माणूस, अर्धे घोडे असलेले सेंटॉर यांची लढाई. लॅपिथ हे थेसलीचे, पिनिओसच्या खोऱ्यातले, सेंटॉर पेलिओनचे. उत्तरेच्या नदीकाठची गोष्ट दक्षिणेच्या सगळ्यात मोठ्या देवळावर कोरलेली. आणि सेंटॉर तरी फक्त थेसलीत कुठे आहेत? हर्क्युलिसला जेवू घालणारा फोलोस नावाचा सेंटॉर राहतो तो धाकट्या पिनिओसच्या उगमाकडच्या फोलोई पठारावर.

वाचताना ओळखायचं कसं? मी आधी समुद्र पाहतो. एजियन, ऑलिंपस, अपोलो, लॉरेल, इराणी सैन्य, लारिसा यांपैकी काही आलं तर थेसली. आयोनियन समुद्र, अल्फिओस, ऑजियस, पंच, व्यायामशाळा, किलीनी बंदर आलं तर एलिस. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. मुकुटावरूनही कळतं: लॉरेल टेंपीकडचं, आणि ऑलिंपिक विजेत्याला मिळे तो रानऑलिव्हच्या फांदीचा.

एलिसच्या पिनिओसबाबत मात्र एक सावधगिरी हवी. स्ट्रेबो तिचं मुख खेलोनातास भूशिर आणि किलीनी यांच्या मधे सांगतो, म्हणजे भूशिराच्या उत्तर अंगाला. आज ती गास्तुनी गावाजवळून जाऊन भूशिराच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. गाळाच्या सपाट मैदानात नद्या पात्र बदलतात, तसं हिनेही बदललं आहे. १३ व्या शतकात फ्रँक सरदारांनी बांधलेला ख्लेमुत्सी किल्ला या भूशिरावर आहे. जुनं किलीनी बंदर त्याच्या एका बाजूला, नदीचं आजचं मुख दुसऱ्या बाजूला. प्राचीन वर्णन हातात घेऊन आजच्या मुखापासून किनारा तपासायला लागलं, तर बरोबर नदी निवडूनही माणूस चुकीच्या ठिकाणी पोचतो.